वाफेचं बूच

पेट्रोलमधला आयसोपेंटेन नावाचा घटक २८ अंश सेल्सिअसला उकळतो. मे महिन्यात मुंबईत पहाटेचं तापमानही जवळजवळ तेवढंच असतं. म्हणजे कुर्ल्यातल्या एखाद्या इमारतीखाली रात्रभर उभ्या असलेल्या फियाटच्या टाकीत, सूर्य उगवायच्या आतच, उकळायला टेकलेला एक पदार्थ भरलेला असतो. तरीही टाकी शांत असते. खदखद नाही, बुडबुडे नाहीत. सकाळी चावी फिरवली की गाडी मुकाट सुरू होते.

दुपारी तीच गाडी खोपोली सोडून बोरघाट चढू लागते आणि अर्ध्या घाटात आचके देते, दम टाकते, थांबते. ड्रायव्हर बोनेट उघडून वीसेक मिनिटं झाडाखाली बसतो, पुन्हा सेल्फ मारतो आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात चालू होते. मग बिघडलं होतं काय? आणि बिघडलं असेल तर ते दुरुस्त केलं कुणी?

कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचं हे उन्हाळी दुखणं जगभर माहीत आहे. ते नीट कळायचं तर इंजिनाच्याही आधी पेट्रोलची ओळख करून घ्यावी लागते, आणि ती ओळख भलतीच रंजक आहे.

एक द्रव नव्हे, शेकडो

पाण्याचा उत्कलनबिंदू ठरलेला असतो, कारण पाणी हा एकच पदार्थ आहे. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यात चार-पाच कार्बन अणूंचे हलके रेणू असतात, ते उडून जायला उतावीळ. दहा-बारा कार्बनांचे जड रेणू असतात, ते जागचे हलायला तयार नसतात. साधं पेंटेन ३६ अंशांना उकळतं. सगळ्यात जड घटकांची वाफ व्हायला २०० अंश ओलांडावे लागतात. त्यामुळे पेट्रोलला उत्कलनाचा एक बिंदू नाही, साधारण ३० अंशांपासून २१० अंशांपर्यंत पसरलेला एक पट्टा आहे.

हा पट्टा तेल शुद्धीकरण कारखान्यात मुद्दाम राखलेला असतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं ते वाफ होऊन हवेत मिसळल्यावरच. थंडीच्या दिवसांत इंजिन पहिल्या झटक्याला सुरू व्हावं म्हणून चटकन उडणारे हलके घटक हवेत. टाकीतलं पेट्रोल आपोआप उडून जाऊ नये म्हणून जडही हवेत. या दुखण्याचं मूळ इथेच आहे. जी वाफ कार्ब्युरेटरच्या पुढे हवीहवीशी असते, तीच वीतभर मागे, नळीत किंवा पंपात, तयार झाली की गाडी अडते.

मग आयसोपेंटेन टाकीतच का उकळून जात नाही? उत्तर फ्रेंच शास्त्रज्ञ फ्राँस्वा-मारी राऊल यांनी १८८०च्या दशकात शोधलेल्या नियमात आहे. मिश्रणातला प्रत्येक घटक बाहेर पडण्यासाठी जो दाब देतो, तो मिश्रणातल्या त्याच्या वाट्याइतकाच असतो. आयसोपेंटेन एकटं असतं तर २८ अंशांना त्यानं हवेच्या दाबाशी बरोबरी केली असती. पण मिश्रणात त्याचा वाटा थोडा, म्हणून त्याचा जोरही थोडा. सगळ्या घटकांचे हे छोटे छोटे जोर मिळून पेट्रोलचा बाष्पदाब बनतो. तो हवेच्या दाबाला भिडला की पेट्रोल उकळतं.

हा बाष्पदाब मोजायची जुनी प्रमाण पद्धत आहे. तापमान ३७.८ अंश, म्हणजे बरोबर १०० अंश फॅरनहाइट. तिथे पेट्रोलचा बाष्पदाब ६० किलोपास्कल भरला असं धरू. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. दोन्हींत अजून बरंच अंतर आहे, पण तापमान वाढलं की बाष्पदाब झपाट्यानं चढतो. असं पेट्रोल उघड्या भांड्यात साधारण ५५ अंशांच्या आसपास उकळायला लागेल. आणि घाटात तापलेल्या इंजिनाच्या अंगाला चिकटलेला पंप ५५ अंशांवर थांबत नाही.

ओढणारा पंप

फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. आधी तिला फियाट म्हणत, १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन पुढे. पेट्रोलची टाकी मागे. आणि पेट्रोल ओढणारा पंप पुढे, थेट इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्ट केलेला. गॅरेजात याला ‘एसी पंप’ म्हणतात. कॅमशाफ्ट फिरला की त्यावरचा उंचवटा पंपाची दांडी ढकलतो, आतला रबरी पडदा खाली जातो, पेट्रोल ओढलं जातं. स्प्रिंग पडदा वर ढकलते, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. दोन छोटे व्हॉल्व्ह ते मागे फिरू देत नाहीत. वीज लागत नाही, इंजिन फिरतं तोवर पंप चालतो. रचना साधी आणि टिकाऊ.

फक्त एक गोम आहे: हा पंप ओढतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी पाणीच राहतं. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत नेमकं उलटं घडतं. पंप ओढतो तेव्हा तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि दाब घटला की उकळायला लागणारं तापमानही खाली येतं. म्हणजे सगळी नळी सारखीच गरम असली, तरी उकळण्याचा धोका पंपाच्या अलीकडच्या, ओढणाऱ्या बाजूला सर्वांत जास्त. पलीकडे, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या तुकड्यात, पंपाचा थोडाफार दाब पेट्रोलला द्रवरूपात धरून ठेवायला मदत करतो.

आता ही गाडी बोरघाटात आणा. चढावर गाडीचं नाक वर, टाकी खाली. पंपाला पेट्रोल सपाटीपेक्षा जास्त उचलावं लागतं, म्हणजे नळीतला दाब आणखी घटतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाबच मुंबईपेक्षा साधारण सात टक्के कमी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोरात, वेग मात्र कमी, त्यामुळे बोनेटखाली शिरणारा वारा थोडा. पाठीमागून येणारा वारा असेल तर तोही नाही. दुपारच्या उन्हात डांबर तापलेलं, त्याची धग खालून नळीला. यातली एकेक गोष्ट गाडी सहन करते. सगळ्या एकाच वळणावर जमल्या की पेट्रोल नळीतच उकळतं.

उकळलेल्या थेंबाचं पुढे काय होतं, याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पद्मिनी ताशी ५० किलोमीटरनं चालली आणि लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं, तर इंजिन मिनिटाला सुमारे ७० मिलिलिटर पेट्रोल पितं. पेट्रोलच्या हलक्या घटकाचा एक मिलिलिटर उकळला तर त्याची वाफ जवळजवळ दोनशे मिलिलिटर जागा व्यापते. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग एवढ्या द्रवानं नळीत आणि पंपात तेवढी जागा अडवली, की जवळजवळ तीन मिनिटांच्या पेट्रोलची जागा गेली. पंप मात्र इमानानं चालू असतो. पडदा वर गेला की वाफ दबते, खाली आला की फुगते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला. ही दबणारी-फुगणारी वाफ त्याच्या हातून पुढे सरकतच नाही. नळीला वाफेचं बूच बसतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

आणखी एक बारकावा. बूच बसल्या क्षणी गाडी थांबत नाही. कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, जेमतेम मिनिटभर पुरेल एवढं. गाडी त्यावर आणखी काही शे मीटर जाते, मग आचके देते. म्हणून गाडी थांबते एका वळणावर, आणि दोष घडून गेलेला असतो मागच्या वळणावर.

उपाशी की अजीर्ण झालेली?

घाट पार झाला, खंडाळ्याला चहासाठी गाडी थांबवली. आता तरी ती निवेल असं कुणालाही वाटेल. पण इंजिन बंद केल्यावर कार्ब्युरेटर आधी गार होत नाही, आणखी तापतो.

कारण पंखा आणि पाण्याचा पंप हे दोन्ही इंजिनाच्या पट्ट्यावर चालतात. इंजिन थांबलं की दोन्ही थांबले. शेकडो अंशांनी तापलेला एक्झॉस्ट आणि लोखंडाचा जडशीळ ब्लॉक यांच्यातली उष्णता आता वाऱ्यावाटे, पाण्यावाटे बाहेर जाऊ शकत नाही. ती बोनेटखालीच पसरते. वर, येणाऱ्या ताज्या पेट्रोलमुळे कार्ब्युरेटरला मिळणारा गारवाही बंद. पुढची दहा-पंधरा मिनिटं त्याचं तापमान चढत राहतं. अँबेसेडरमध्ये तर इंधन आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी दोन्ही मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला, आणि कार्ब्युरेटर बरोबर एक्झॉस्टच्या डोक्यावर. उष्णतेला वर चढायला याहून सोयीची जागा नसेल.

या उष्णतेत वाटीतलं पेट्रोल उकळलं, तर बुडबुडे ते जेटमधून वर ढकलतात आणि ते इंजिनाच्या घशात ठिबकतं. इथे वाफ पेट्रोल अडवत नाही, उलट नको तेवढं आत सांडते. प्लग ओले होतात, मिश्रण इतकं दाट होतं की ठिणगीनं पेटत नाही. गॅरेजात म्हणतात, ‘ओव्हरफ्लो झाली.’

म्हणजे एकाच उन्हाचे दोन परिणाम, आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध: घाटात थांबलेली गाडी उपाशी असते, चहानंतर सुरू न होणारी गाडी अजीर्णानं बेजार असते. बाहेरून दिसतं एकच, सेल्फ फिरतो आणि इंजिन लागत नाही. उपाशी गाडीला पेट्रोल द्यायला हवं, अजीर्ण झालेलीला हवा. दुसऱ्या प्रकारात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे हवेची वाट पूर्ण उघडते आणि साचलेलं पेट्रोल झटकलं जातं. पण घाईत माणूस पेडल पंप करत बसतो, आणि प्रत्येक दाबेला ॲक्सिलरेटर पंप आणखी एक पिचकारी आत मारतो.

वाट पाहिली की सगळेच दोष बरे होतात

इथवरचं ऐकून वाटेल, की उन्हात बंद पडली आणि गार झाल्यावर चालू झाली म्हणजे व्हेपर लॉकच. बहुतेक लोक असाच निष्कर्ष काढतात, आणि पुष्कळदा तो चुकतो. थांबलं की बरा होतो, असा हा एकच दोष नाही.

टाकीच्या तळाशी गंज आणि गाळ असतो. जोरात ओढ लागली की तो नळीच्या तोंडाशी जमतो आणि पेट्रोल अडवतो. इंजिन थांबलं, ओढ संपली, गाळ खाली बसतो. गाडी चालू.

टाकीच्या झाकणात हवा आत जायला बारीक वाट असते. ती बुजली तर पेट्रोल कमी होत जातं तसा टाकीत हवेचा दाब घटतो, आणि शेवटी पंपाला ओढणं जमत नाही. थांबल्यावर फटीतून हळूहळू हवा आत झिरपते. गाडी चालू.

इग्निशन कॉइलच्या आतली तार किंवा तिचं आवरण जुनं झालं असेल, तर गरम झाल्यावर ठिणगी क्षीण होते किंवा नाहीशी होते. कंडेन्सरही हीच खोडी करतो. पंधरा मिनिटांत निवतात. गाडी चालू. यात पेट्रोलचा काही संबंध नाही, तरी बोल पेट्रोललाच.

आणि सर्वांत फसवी आहे ती टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेतली तडकलेली रबरी नळी. तिला भेग पडली, तर चालू गाडीत बाहेर पेट्रोल ठिबकत नाही. नळीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असल्यानं बाहेरची हवाच आत ओढली जाते. गळती आहे, पण खाली थेंब पडत नाही. पंप पेट्रोलबरोबर हवाही ओढत राहतो; सपाटीला तेवढ्यानं भागतं, घाटात मागणी वाढली की भागत नाही. उन्हात रबर मऊ पडतं आणि भेग आणखी उघडते, म्हणून हा दोषही उन्हाळ्याच्याच नावावर जमा होतो.

म्हणून या दुखण्यावरचे घरगुती उपाय इतके यशस्वी ठरतात. अमेरिकेत कार्ब्युरेटरच्या काळात लोक पेट्रोलच्या धातूच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत आणि शपथेवर सांगत की त्यानं व्हेपर लॉक जातं. चिमट्यांनी नळी कितीशी गार होणार? पण चिमटे शोधायला आणि लावायला वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात वाफेचा पुन्हा द्रव होतो. आपल्याकडे पंपावर ओलं फडकं टाकायची रीत आहे. तिच्यामागे मात्र खरं विज्ञान आहे: फडक्यातलं पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जातं. पण फडकं टाकून तुम्ही अर्धा तास बसलात, तर फडक्यानं गाडी सुरू झाली की अर्ध्या तासानं, हे सांगता येणार नाही.

या दुखण्याचं निदान अवघड आहे ते यंत्र गुंतागुंतीचं आहे म्हणून नव्हे. पंप, नळी, वाटी, जेट, ठिणगी, एवढंच तर आहे. अवघड आहे ते यासाठी की इथे पुराव्याचीच वाफ झालेली असते, आणि निवल्यावर ती पुन्हा निमूट पेट्रोल होते. मेकॅनिक येईपर्यंत किंवा गाडी टोचन करून गॅरेजात नेईपर्यंत सगळं जागच्या जागी असतं. जे काही समजायचं, ते गाडी थांबल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत समजतं.

पहिली पाच मिनिटं

पहिला पुरावा बोनेट उघडायच्या आधीच मिळतो: गाडी थांबली कशी? किल्ली काढल्यासारखी एकदम गप्प झाली, तर संशय ठिणगीवर. आचके देत, दम टाकत, पेडल सोडल्यावर जरा सावरत थांबली, तर पेट्रोलवर. पेडल सोडलं की मागणी घटते आणि उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन तग धरतं.

उतरल्याबरोबर टाकीचं झाकण उघडायचं. हवा सूं करून आत शिरली आणि मग गाडी लगेच लागली, तर सगळा दोष त्या झाकणातल्या बारीक भोकाचा. हवा बाहेर आली तर त्यात नवल नाही, उन्हात टाकीत वाफ दाटणारच. आसपास विडी-सिगारेट पेटलेली नको, हे वेगळं सांगायला नको.

मग एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकवायचं आणि हातानं थ्रॉटल ओढायचं. इंजिन बंदच असायला हवं आणि कुणी सेल्फ मारता कामा नये, कारण उलटा भडका थेट तोंडावर येतो. थ्रॉटल ओढताच पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे. मग पंप आणि नळी यांच्यावरचा संशय बराच कमी होतो आणि ठिणगी तपासायची. पिचकारी आली नाही, घसा कोरडा, तर गाडी उपाशी आहे. घसा ओलाचिंब, कडांवरून ठिबकणारा आणि नाकात जाणारा पेट्रोलचा वास, तर अजीर्ण. एवढी एक नजर या दोन विरुद्ध आजारांना वेगळं करते.

उपाशी ठरलेल्या गाडीत पुढचा प्रश्न: वाफ की अडथळा? इथे ओल्या फडक्याचा खरा उपयोग आहे, उपाय म्हणून नाही तर कसोटी म्हणून. थंड पाण्यात भिजवलेलं फडकं पंपावर आणि त्याच्या आधीच्या नळीवर ठेवायचं. तापलेल्या ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टवर पाणी ओतायचं नाही, ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. दोन-तीन मिनिटांतच पेट्रोल पुन्हा येऊ लागलं, तर कारण उष्णताच. इतक्या थोड्या वेळात ब्लॉक निवत नाही, फक्त पंप निवतो. पंधरा मिनिटं गेल्यावर आलेल्या पेट्रोलवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

पारदर्शक फिल्टर बसवलेल्या गाड्यांत लोक त्याच्याकडे बोट दाखवतात: बघा, अर्धा रिकामा! पण असा फिल्टर चांगल्या चालत्या गाडीतही पुष्कळदा अर्धाच भरलेला दिसतो. तो पूर्ण कोरडा असेल किंवा त्यातून बुडबुड्यांची सलग रांग जात असेल, तरच त्याची साक्ष धरायची.

बाकीच्या कसोट्या दुसऱ्या दिवशी, थंड डोक्यानं. तोच घाट पहाटे चढून पाहणं ही त्यातली सर्वांत सोपी. रस्ता तोच, चढ तोच, ओढ तीच. फक्त ऊन वजा. पहाटेही त्याच चढावर दम तुटला, तर ऊन निर्दोष आहे. गाळ, बुजलेली वाट, तडकलेली नळी किंवा सैल पडलेला पडदा शोधायला लागा. पहाटे गाडी सहज चढली आणि दुपारी अडली, तर मुख्य संशय वाफ आणि कॉइल या दोघांवर उरतो, आणि त्यांचा निकाल कार्ब्युरेटरच्या घशातली ती एक पिचकारी लावते. गॅरेजात पंपाच्या तोंडाशी दाबमापक आणि ओढीच्या बाजूला निर्वातमापक लावून उरलेली शंका फेडता येते.

उसाचा रस आणि जुना पंप

जुन्या गाड्यांचे मालक अलीकडे म्हणतात, हा त्रास वाढलाय. त्याचं एक कारण पेट्रोल बदललं हे आहे. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बाजारात आलं, आणि पुढे तेच सर्रास झालं. महाराष्ट्राला या इथेनॉलचं अप्रूप नाही; आपल्याकडचे साखर कारखाने ते उसापासून काढतात.

इथे पेट्रोलची सगळ्यात चकित करणारी करामत आहे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पेट्रोलच्या हलक्या घटकांपेक्षा कितीतरी उशिरा. ते मिसळल्यावर पेट्रोल उशिरा उकळायला हवं. होतं उलटंच: बाष्पदाब वाढतो.

कारण असं, की इथेनॉलचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून असतात. एकटं इथेनॉल उशिरा उकळतं ते या पकडीमुळेच. पेट्रोलमध्ये थोडंसं टाकलं की प्रत्येक रेणूभोवती हायड्रोकार्बनांचा गराडा पडतो, धरायला आपलं कुणी सापडत नाही, आणि पकड सुटलेला रेणू चटकन उडतो. इथे राऊल यांचा नियम मोडतो. वाट्यापेक्षा कितीतरी जास्त जोर. पाच ते दहा टक्के इथेनॉल असताना ही वाढ सर्वांत जास्त, साधारण सात किलोपास्कल. २० टक्क्यांना जराशी कमी, पण मूळ पेट्रोलपेक्षा अजूनही जास्तच. मूळ पेट्रोल तेच ठेवलं, तर सात किलोपास्कल म्हणजे उकळण्याचं तापमान चारेक अंशांनी खाली.

कारखाने अर्थातच मूळ पेट्रोल बदलून हे सांभाळतात. आपल्या मानकांत यासाठी खास आकडा आहे, व्हेपर लॉक इंडेक्स. बाष्पदाबाची दसपट आणि ७० अंशांपर्यंत उडून जाणाऱ्या भागाच्या टक्केवारीची सातपट यांची बेरीज म्हणजे हा इंडेक्स. भारत स्टेज ४ च्या पेट्रोलला उन्हाळ्यात त्याची मर्यादा ७५० होती, इतर महिन्यांत ९५०. म्हणजे नळीतली ही वाफ थेट सरकारी मानकात, ऋतूनुसार, नोंदलेली आहे. पण इथेनॉल ७० अंशांच्या आसपास हलक्या घटकांबरोबर भराभर उडतं, त्यामुळे या बेरजेचा दुसरा भागही वाढतो. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. नळ्या आणि पंपाचा पडदा कडक होतात, फुगतात, तडकतात. उष्णतेचा दोष आणि तडकलेल्या नळीचा दोष असे एकाच टाकीतून आता हातात हात घालून येतात.

नव्या गाडीला यातलं काहीच जाणवत नाही. तिचा विजेवरचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडवलेला असतो. तो ओढत नाही, ढकलतो, आणि हवेच्या दाबापेक्षा तीन-चार पट जास्त दाबानं. वर, पुष्कळ गाड्यांत जादा पेट्रोल सतत टाकीकडे परत फिरतं. ओढीची लांब नळीच उरली नाही, तर बूच बसायचं कुठे? मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींनी तर आणखी वेगळी सुटका करून घेतली. त्यांतल्या बहुतेक शेवटी सीएनजीवर गेल्या. ज्या गाड्या वाफेनं अडायच्या, त्या आधीच वायू असलेलं इंधन जाळू लागल्या. काळ्या-पिवळ्या पद्मिनीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून गेली.

जे अजून पेट्रोलवरच जुनी गाडी चालवतात, त्यांना घाटात अडल्यावर सगळं तपासून झाल्यावरही कधी कधी असं उत्तर मिळतं: गाडीत काही बिघडलेलंच नाही. पंप ठीक, नळी ठीक, ठिणगी ठीक. गाडी जशी बनवली तशीच चालते आहे. पेट्रोल मात्र आता दुसऱ्याच इंजिनांसाठी बनतं, जी त्याला दाबून ठेवतात आणि ज्यांना ते लवकर उडालं तरी फरक पडत नाही. अशा वेळी सुटे भाग बदलत बसण्यात अर्थ नाही, उष्णतेची वाट बदलायला हवी. पंप आणि ब्लॉक यांच्यात, कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यात उष्णता अडवणारा जाड बेकेलाइटचा तुकडा असतो. जुन्या दुरुस्तीत तो हरवला असेल, तर आधी तो बसवा. नळी एक्झॉस्टपासून लांब न्या, सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. टाकी अर्ध्यावर ठेवू नका, भरलेली टाकी सावकाश तापते. तरीही भागलं नाही, तर टाकीजवळ कमी दाबाचा विजेवरचा पंप बसवा, इंजिन थांबलं की आपोआप बंद होणारा. मग पेट्रोल ओढलं जाणार नाही, ढकललं जाईल, आणि १९५०च्या दशकातलं इंजिन २०२५ चं पेट्रोल दुपारच्या घाटातही पचवेल.